हरीच्या पोटऱ्या

बजाजनगर, वाळूज
रविवार, १७ फेब्रुवारी २०१३

प्रिय कुशे,

शाळेच्या पत्त्यावर पत्र आलेलं बघून दचकू नको. कोणाला काही झालेलं नाही. फोनवर तुझ्याशी मोकळं बोलायचं म्हटलं तर तुझ्या सासूबाई शेजारी बसलेल्या असतात, आणि तुमच्या घरात फोन स्पीकरवर टाकायची रीतच आहे. मागच्या दोन्ही वेळेस मी एक बोलायला म्हणून फोन केला आणि हुरड्याच्या नि हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. हे मधल्या सुट्टीत वाचू नको. शाळा सुटून पोरं घरी गेली की वर्गाचं दार लोटून घे आणि मग वाच. आणि घरी नेऊ नको.

आधी हरीचं सांगते. हरी आता चालत नाही. मायनं तुला सांगितलं असेल की पाय मोडला होता, प्लास्टर निघालंय, जरा अशक्तपणा आहे, येईल हळूहळू. तसं नाही गं. दिवाळीच्या तोंडावर तो मोरीत पडला आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, डॉक्टरांनी फोटो दाखवला, छान जुळलंय म्हणाले. पण प्लास्टर काढून त्याला उभं केलं तर तो उभा राहिला नाही. दोन्ही बाजूंनी आम्ही धरलेलं, तरी गुडघे ओल्या कपड्यासारखे खाली गेले. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आई, राहू दे. मला बसव.” अकरा वर्षांचं पोर. रडला नाही. तेव्हापासून तो बसलेलाच आहे.

तुला वाटत असेल, एका पाय मोडण्यानं असं कसं होईल. ते एका दिवसात झालेलंच नाही. तू त्याच्या बारशाला होतीस, तेव्हा तो कसा गुबगुबीत होता ते तुला आठवत असेल. चालायला उशिरा लागला, पण आपल्याकडं म्हणतात ना, जाड पोरगं उशिरा चालतं, तसं आम्हीही म्हटलं. पुढं त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या की बघणारा हात लावून बघायचा. आमचे चुलत सासरे नानासाहेब, तरुणपणी जत्रेत कुस्तीच्या फडात उतरलेला माणूस, ते पोटऱ्या दाबून म्हणायचे, “हे पोरगं मैदान मारणार.” मला लई अभिमान वाटायचा. मी त्याला आखूड चड्ड्याच घालायची.

पण हे मैदान मारणारं पोरगं सपाट जमिनीवर पडायचं. कशाला अडखळलं असंही नाही, चालता चालता बसकन मारायचं. जिना चढताना कठड्याला लोंबकळायचं. टाचा टेकवायचंच नाही, सगळं चवड्यांवर. शाळेत पोरं त्याला बदक म्हणायला लागली. तुझ्या दाजींना वाटलं, आळशी आहे. कंपनीतून आले की त्याला मैदानावर न्यायचे आणि चेंडूमागं पळवायचे. “पळ. पळशील तर ताकद येईल.” तो पळायचा, पडायचा, उठायचा. घरी आला की त्याचे पाय दगडासारखे लागायचे आणि तो चेंडू नको म्हणून रडायचा. त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. कोणता बाप आपलं पोर मागं राहावं म्हणेल? पण आता त्यांना ते आठवतं.

दोन-तीन दवाखाने झाले. कुणी कॅल्शियम दिलं, कुणी टॉनिक. मग क्रांती चौकाकडच्या एका मुलांच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, आमच्या फिजिओथेरपीच्या भानुमती मॅडम आहेत, त्यांनाही दाखवू. मॅडमनी त्याला चटईवर बसवलं आणि म्हणाल्या, “बाळा, आता उठून माझ्याकडं ये.” हरी आधी ओणवा झाला. मग दोन्ही हात जमिनीवर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असा आपल्याच पायांवर चढत चढत उभा राहिला. मी रोज बघायची ते, मला त्यात काही वाटलं नव्हतं. त्याची तशी लकबच आहे म्हणून मी सोडून दिलेलं. मॅडमनी त्याला गोळी दिली आणि मला हळू आवाजात विचारलं, “तुमच्या माहेरी कोणाला असं होतं का? भावाला, मामाला?”

मी म्हटलं, “भाऊ होता एक. पोलिओनं गेला.”

त्या म्हणाल्या, “पोलिओत पाय वाळतो. त्याच्या पोटऱ्या कशा होत्या?”

कुशे, तू तेव्हा पहिलीत पण नव्हतीस. तुला बन्सीदादाची फक्त बाज आठवत असेल, ओसरीतली, आणि त्याची हाक. तू त्याच्या पायथ्याशी बसून त्याला चिंचोके मोजून दाखवायचीस. मला सगळं आठवतं, कारण त्याला न्हाऊ घालायला मायच्या हाताखाली मीच असायची. त्याच्या पायांना तेल लावायची. मांड्या काटकुळ्या झालेल्या, आणि पोटऱ्या मात्र कणसासारख्या भरलेल्या. मी तेव्हा मायला म्हटलं होतं, “दादाचे पाय तर चांगलेत की, मग हा उठत का नाय?” माय म्हणाली होती, “वारं गेलंय त्याच्यावरनं.” मॅडमनी विचारलं तेव्हा मला त्या तेलाचा वास आला. त्यांनी मला पाणी दिलं.

त्या आजाराचं नाव डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. सगळे डीएमडी म्हणतात. आपलं शरीर स्नायूंसाठी एक गोष्ट तयार करतं, ती याच्या शरीरात तयारच होत नाही. त्यामुळं स्नायू विरत जातात आणि त्यांच्या जागी चरबी साठते. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्या त्यामुळं. आधी पाय जातात, मग हात, मग छाती. शेवटी काय जातं ते डॉक्टरांनी सांगितलं आणि तू बन्सीदादाला जाताना बघितलं नसलंस तरी मी बघितलंय. बरं करणारं औषध नाही. गोळ्या आहेत, त्यानं चालणं जरा जास्त दिवस टिकतं. आणि व्यायाम.

मी इतकी वर्षं तुला म्हणायची ना, हरीला शहरात व्यायामाला नेते, त्याला फरक आहे. ते खोटं नव्हतं, पण तुला वाटलं असेल तसा फरक नव्हता. त्या हॉलमध्ये सगळ्या तऱ्हेची पोरं यायची. जन्मताना रडायला उशीर झालेली, हातपाय ताठ असलेली, मान न धरणारी. एकाला पट्ट्यांनी बांधून चौकटीत उभं करायचे, एकाला मोठ्या चेंडूवर पालथं झोपवायचे. चितेगावची एक सरूबाई यायची, तिच्या तान्ह्या पोरीचे पाय आत वळलेले. प्लास्टर लावलं, बदललं, परत लावलं, मग बूट दिले. एक दिवस ती पोरगी त्या हॉलमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालली. सरूबाईनं सगळ्यांना पेढे वाटले. मी पेढा हातात घेतला आणि खाऊ शकले नाही. बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत तो माझ्या मुठीत वितळून गेला होता. तिचं चांगलं झालं त्याचं मला वाईट वाटलं, असं नाही. पण तिथं येणारं प्रत्येक पोर काही ना काही कमवत होतं, आणि माझं एकटं पोर रोज थोडं गमावत होतं. मी तरी रोज नेत होते.

एकदा मी भानुमती मॅडमना विचारलंच. म्हटलं, “मग हे करायचं कशाला?” त्यांनी हरीची टाच तळहातात धरून पाऊल वर दाबलेलं होतं, ते तसंच धरून ठेवलं. म्हणाल्या, “आखडू नये म्हणून. आखडलं की दुखतं. तो बसला तरी सरळ बसावा, झोपला तरी दुखू नये, एवढं आपल्या हातात आहे.” मग त्यांनी मला शिकवलं. टाच, गुडघा, खुबा, कसं ताणायचं, कुठं थांबायचं. त्याला काखेत धरून उचलायचं नाही, खांदे निसटतात. दमवायचं नाही, दमलेला स्नायू परत भरून येत नाही. हे ऐकलं तेव्हा तुझे दाजी शेजारी उभे होते. ते बाहेर गेले आणि स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. मी हरीला घेऊन गेले तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि स्कूटर तिथंच ठेवून रिक्षापर्यंत चालत गेले.

पाय मोडला तेव्हा माय आली, ते तुला माहीत आहे. माय लई कामाला आली. प्लास्टरमधल्या पोराचं सगळं जागेवर करावं लागतं. मी जे ताणायचे व्यायाम करायची ते तिनं नुसतं बघून उचलले. दुसरा पाय ती ताणायची, हरीशी बोलत बोलत. पण हरी आता लहान नाही. त्याला शाळेत कॉम्प्युटर बघायला मिळतो, आणि आमचं कुजबुजणं त्याला भिंतीतूनही ऐकू जातं. एका दुपारी त्यानं मायला विचारलं, “आजी, बन्सीमामाला पण हेच झालं होतं ना? तो किती वर्षांचा होऊन गेला?”

मी भाकरी थापत होते. माय म्हणाली, “तुझा मामा व्हय? म्हातारा होऊन गेला त्यो. दाढी पांढरी झाली व्हती त्याची.”

हरी हसला. म्हणाला, “आजी, तुझीच तर वेणी अजून काळी आहे.”

माय त्याची टाच दाबत राहिली.

आता जे सांगायचं आहे त्याच्या जवळ येतेय. प्लास्टर निघालं, हरी बसला, आणि माझ्या सासूबाई, भागूबाई, गावाहून आल्या. चार दिवस त्यांनी सगळं बघितलं. मग एका सकाळी त्या माझ्यासमोरच तुझ्या दाजींना म्हणाल्या, “हे पोरगं काय आपल्या म्हातारपणाला व्हत नाय. दुसरं होऊ द्या.” मी किती वर्षं तेच टाळत होते, का ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. दाजी म्हणाले, डॉक्टरांना विचारू. विचारलं. डॉक्टर म्हणाले, आधी आईचं रक्त तपासायला पाहिजे. माझं रक्त हैदराबादला गेलं. जानेवारीत उत्तर आलं.

माझ्यात आहे, कुशे. मला आजार नाही, होणारही नाही, पण मी तो वाहते. डॉक्टरांनी कागदावर गोल नि चौकोन काढून समजावलं. बाई वाहते, आणि तिच्या पोटी मुलगा आला तर निम्मी शक्यता की त्याला होईल. मुलगी आली तर निम्मी शक्यता की तीही वाहील. डॉक्टरांनी बन्सीदादाचा चौकोन काढला आणि काळा केला. मग त्याच्या वर मायचा गोल काढला.

घरी आल्यावर सासूबाईंना कळलं. त्या फार काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मग रामकिसननं दुसरी बायको करावी, हिच्यात खोट आहे हे आता कागदावरच आलंय. ते जेवत होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत. ताटातलं संपवलं, हात धुतला, हरीला पाठीवर घेऊन अंघोळीला नेलं. अजूनही ते रोज त्याला तसंच नेतात. माझ्याशी लागेल तेवढं बोलतात. त्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही आणि मी विचारत नाही, कारण ते जे सांगतील ते मला ऐकावं लागेल.

मायला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिनं दाराआडून ऐकल्यासारखं ओळखलं. मला म्हणाली, “म्हंजी बन्सीला मीच दिलं?”

मी म्हटलं, “माय, तू दिलं नाहीस. तुला ठाऊक तरी होतं का?”

“आन् तुला बी मीच.” ती भिंतीला टेकून बसली. “मी त्याला इतका मोठा होईस्तोवर कडंवर वागवला. खुलताबादच्या मारुतीला नेला, म्हैसमाळच्या देवीला नेला. शेजारणी म्हणायच्या, भूत लागलंय, नजर लागलीय. मी कुणाकुणाला शिव्या दिल्या गं. आन् ते माझ्यातच व्हतं.”

त्या दिवसापासून तिनं हरीच्या पायाला हात लावला नाही. तो म्हणायचा, “आजी, टाच दाब ना.” ती पदरात हात घेऊन म्हणायची, “तुझी आई चांगली दाबती.” मला एकटीला म्हणाली, “माझा हात नको लागू दे त्याला.” मी समजावलं, हातानं काही होत नसतं, ते रक्तातलं असतं. तिनं ऐकून घेतलं. तिला ते कळलंही. पण ती गावी निघून गेली. जाताना मला दारात थांबवलं आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. म्हणाली, “कुशीला यातलं कायबी कळू देऊ नको. तुझं झालं ते झालं. तिच्या सासरी कळलं तर तिचा संसार उठंल. देवानं तिला वाचवलं आसंल. निम्मी म्हणला ना डॉक्टर, निम्मी.” मी हो म्हटलं. त्या वेळी मला ते पटलंही. तुझ्या घरात पाळणा हलायचं अजून नाव नव्हतं, आणि तुझ्या चांगल्या चाललेल्या दिवसांत मी हे कुठं आणून टाकू, असं मलाही वाटलं.

मंगळवारी मायचा फोन आला. तुला दिवस गेलेत, तिसरा लागला, उलट्या फार होतात, कैरी मागते म्हणाली. तिचा आवाज इतक्या दिवसांनी हलका झालेला होता. मग ती थांबली आणि म्हणाली, “द्वारके, शपथ हाय तुला.” मी ती शपथ मोडतेय, आणि मोडली हे तिला मीच सांगणार आहे. कुशे, सोबत हरीच्या आणि माझ्या रिपोर्टच्या झेरॉक्स आहेत. घरात काहीतरी कारण सांग, शाळेचं प्रशिक्षण सांग, आणि येत्या शनिवारी इकडं ये. आधी तुझं रक्त घेतील. नसेल तर तू मोकळी, आणि तुझ्या सासरच्यांना कधी काही कळायचं कारण नाही. असेल तर पोटातल्या पाण्याची तपासणी असते, ती वेळेत करावी लागते, उत्तर यायला दिवस लागतात, म्हणून ही घाई. मुलगा की मुलगी हे तिथं कोणी सांगणार नाही, आजार आहे की नाही तेवढंच सांगतील. पुढं काय करायचं ते तू आणि काकासाहेब, तुम्ही नवरा-बायकोनं ठरवा. त्यांना सांगायचं की नाही हेही तूच ठरव, माणूस तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. एक मात्र मला विचारू नको, की अक्का, तुला आधी कळलं असतं तर तू काय केलं असतंस. मी या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर देते, आणि दोन्ही उत्तरांनंतर मला हरीच्या खोलीत जाऊन त्याचं पांघरूण नीट करावं लागतं. मायचा फोन हरीनंही ऐकला. काल त्याचे पाय ताणत होते तेव्हा तो छताकडं बघत म्हणाला, “आई, मावशीला मुलगी झालेली बरी ना गं?” मी त्याची टाच तशीच दाबून धरली, आणि तो म्हणाला, “बस, आता दुसरा पाय.”

शनिवारी तुझी वाट बघणारी,
तुझीच
द्वारकाअक्का